मुलाची दाढ किडलीय? इलाज ठरवण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं

सांगलीत लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं असिस्टंट आहे. डॉक्टर तपासतात, एक्स-रे दाखवतात, उपाय सांगतात आणि दुसऱ्या खुर्चीकडे जातात. मग आई माझ्याकडे वळते आणि हळूच विचारते, "ताई, खरं सांगा, एवढं करायची गरज आहे का?" तासगावची असो, मिरजेची असो, जतहून सकाळच्या एसटीनं आलेली असो, प्रश्न हाच. मी डॉक्टर नाही. शिवाय हातात ट्रे असतो, पुढचं मूल रडत असतं, तेव्हा नीट सांगता येत नाही. ते इथं सांगते.

आज रात्री तोंडात बघा

दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या. मोबाईलचा टॉर्च लावा आणि वरचा ओठ बोटानं उचला. बहुतेक आया दात रोज बघतात, पण ओठ उचलून हिरडीची कड बघत नाहीत, आणि पुढच्या दातांची कीड बहुधा तिथंच सुरू होते. खडूनं ओढल्यासारखा पांढरट पट्टा दिसला तर तीच पहिली पायरी. या पायरीवर दात कोरावा लागत नाही. फ्लोराइडचा लेप, फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीची बाटली बंद, एवढ्यावर तो पट्टा तिथंच थांबू शकतो. पट्टा तपकिरी झाला, नखाला खळगा लागला, म्हणजे पुढची पायरी.

बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालचे पुढचे बहुधा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ येते आणि लाळ सतत वाहत असते. आमच्याकडे दोन-अडीच वर्षांची अशी मुलं दर आठवड्याला येतात.

मग दाढा बघा, वरच्या भेगांत आणि दोन दाढांच्या मधे. हिरडीवर पुटकुळी दिसली तर ती उष्णतेची समजू नका. दाताच्या मुळाशी झालेला पू तिथून वाट काढत असतो. ती फुटली की दुखायचं थांबतं आणि आईला वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं.

दातांवर नुसतेच काळे डाग असतील आणि मूल लोहाचं औषध घेत असेल, तर ते डाग औषधाचे असू शकतात. दवाखान्यात साफ होतात. हेही दाखवून घ्या, उगाच घाबरू नका.

"पडणारच आहेत की!"

हे वाक्य मी रोज ऐकते. आजी म्हणतात, वडील म्हणतात, कधी कधी शाळेतल्या बाईही म्हणतात. यात निम्मं खरं आहे. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात. साडेसहा वर्षांच्या मुलाचा हलणारा पटाशीचा दात किडला असेल, दुखत नसेल, तर डॉक्टर स्वतःच म्हणतात, राहू द्या. तिथं आजींचं बरोबर.

पण दुधाच्या मागच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली असेल तर तिला अजून सहा ते आठ वर्षं काम करायचंय. इतकी वर्षं मूल एका बाजूनं चावणार, भाकरी टाळून बिस्किट मागणार, रात्री उठून रडणार. आणि ती दाढ लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढं सरकते, खाली वाट बघत असलेल्या पक्क्या दाताची जागा खाते. म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा: हा दात आपोआप पडायला अजून किती वर्षं आहेत? उत्तर वर्षभराचं असेल तर एक निर्णय, सात वर्षांचं असेल तर वेगळा.

एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं आणखी एक दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळं घरच्यांना ती आल्याचं कळतसुद्धा नाही. ती पक्की दाढ असते, आयुष्यभराची. आठ वर्षांच्या मुलाला आई घेऊन येते, "दुधाची दाढ आहे, काढून टाका" म्हणते, आणि बघतो तर ती पक्की दाढ, अर्धी पोखरलेली. त्या आईचा चेहरा मला बघवत नाही. एका जबड्यात दोन्ही बाजूंनी मोजा. मधल्या रेषेपासून मागं पाच दात दुधाचे. सहावा दिसला की तो पक्का.

माझी चूक

माझी मुलगी चार वर्षांची होती. खालची डावी शेवटची दाढ, भेगेत तपकिरी खड्डा, दुखत नव्हती. डॉक्टर म्हणाले, सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड लावू, एसडीएफ. थेंबभर औषध, मिनिटभराचं काम, सुई नाही, मशीन नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडेल, पण कीड थांबायची शक्यता चांगली आहे.

मी नको म्हणाले. तेव्हा या नोकरीत मला चार वर्षं झाली होती, दुसऱ्यांच्या मुलांना हेच औषध लावताना मी कापूस धरून उभी असायचे. तरी स्वतःच्या पोरीच्या तोंडात काळं दिसणार म्हटल्यावर माझं मन घेईना. नणंदेचं लग्न तोंडावर होतं. "लग्न झालं की दात भरून घेऊ," म्हणाले. लग्न झालं, पाऊस आला, शाळा सुरू झाली. आठ महिन्यांनी रात्री दोन वाजता पोर गाल धरून उठली. कीड नसेपर्यंत गेली होती. मग तीन फेऱ्या, बधिर करायचं इंजेक्शन, नसेचा इलाज आणि वर स्टीलची कॅप. एक थेंब मी टाळला आणि हे सगळं तिला सोसावं लागलं. तो दात इतका मागं होता की हसताना कुणालाही दिसला नसता.

काळ्या डागाला घाबरणारी मी एकटी नाही. न्यूयॉर्कमध्ये १२० पालकांना एसडीएफ लावलेल्या दातांचे फोटो दाखवून विचारलं होतं. २०१७ साली तो अभ्यास छापून आला. मागच्या दातांवरचा काळा डाग चालेल, असं सुमारे दोन-तृतीयांश पालक म्हणाले. पुढच्या दातांवर चालेल म्हणणारे जेमतेम तीस टक्के. पण एसडीएफ नाही तर मुलाला पूर्ण भूल द्यावी लागेल असं असेल तर, असं विचारल्यावर पुढच्या दातांसाठीही साठ टक्के तयार झाले. आमच्या खुर्चीजवळ मी अगदी हेच बघते. आई आधी डागाकडे बघते, आणि दुसरा पर्याय काय आहे हे समजलं की मुलाकडे बघते. म्हणून डॉक्टरांना सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून सांगायला लावा. नुसतं "काळं होईल" ऐकून नाही म्हणू नका.

कुठला इलाज कशासाठी

दुसरा प्रश्न नसेचा. गोड किंवा गार खाल्ल्यावर कळ येते आणि लगेच जाते, म्हणजे नस बहुधा शाबूत आहे. काही न खाता ठणका लागतो, मूल झोपेतून उठतं, हिरडीला पुटकुळी आहे, म्हणजे कीड आत पोचली. हे अंदाज घरचे. खरं एक्स-रेवर दिसतं, त्यामुळं एक्स-रेला नाही म्हणू नका. एका दाताच्या एक्स-रेतले किरण फार थोडे असतात.

नस शाबूत असेल तर हलके उपाय चालतात. एसडीएफ कीड थांबवतं, दाताचा चांगला भाग काळा करत नाही, पण खड्डा भरत नाही. अन्न अडकत असेल तर वरून सिमेंट भरतात. एसडीएफ सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. चव लोखंडासारखी लागते, ओठाला लागलं तर तपकिरी डाग पडतो आणि काही दिवसांत जातो, कपड्यावरचा मात्र जात नाही, म्हणून जुना शर्ट घालून या. चांदीची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हे काही नवखं, घरगुती औषध नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घातलं. पण नसेपर्यंत गेलेल्या, पू झालेल्या दाताला ते लावून उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

दाढेसाठी दुसरा एक उपाय मला फार आवडतो, हॉल पद्धतीची कॅप. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांचं नाव तिला आहे. दात कोरायचा नाही, इंजेक्शन नाही. आधी काही दिवस दोन दाढांच्या मधे रबराची बारीक रिंग घालून ठेवतात, जागा झाली की मापाची स्टीलची कॅप सिमेंट भरून वरून बसवतात. कीड आत कोंडली जाते, तिला खायला मिळत नाही. पहिले काही दिवस दातावर दात नीट बसत नाही, दोनचार आठवड्यांत बसतो. दात पडेल तेव्हा कॅप त्याच्यासकट पडते. पालक विचारतात, "कीड न काढता झाकून कसं चालेल?" प्रश्न बरोबर आहे, मलाही पडला होता. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांवर मोठी चाचणी झाली. कोरून भरणं, कीड आत बंद करणं आणि नुसती फ्लोराइड-ब्रश-खाण्याची काळजी, अशा तीन पद्धती तुलनेत होत्या. दुखणं किंवा पू होणं यात तिन्ही गटांत स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा मशीन लावलं म्हणजेच खरा इलाज झाला, हा समज सोडा. मात्र तिन्ही गटांत बऱ्याच मुलांचे दात पुढं दुखलेच, म्हणजे लवकर येण्याला पर्याय नाही.

पांढरी झिरकोनियाची कॅप हवी असं आता खूप जण म्हणतात. पुढच्या दातांना ती शोभते. पण तिच्यासाठी दात जास्त घासावा लागतो, खर्चही जास्त. मागच्या दाढेला स्टीलची पुरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

नस गेली असेल तर नसेचा इलाज करून कॅप, किंवा दात काढणं. "आरसीटी, म्हणजे हा नसेचा इलाज, केला तर खालचा पक्का दात अडकेल का?" असं विचारतात. दुधाच्या दातात भरायचा मसाला वेगळा असतो, मूळ विरघळत जातं तसा तोही विरघळतो. दाढ काढावीच लागली तर जागा राखायची तारेची कडी, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवायची का ते त्याच दिवशी विचारा. बरेच जण दात काढून जातात आणि वर्षभरानं येतात, तोवर जागा गेलेली असते.

घरातल्यांशी बोलणं

"यांना विचारून सांगते," असं म्हणून गेलेल्या आयांपैकी बऱ्याच जणी सूज घेऊनच परत येतात. निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांना पहिल्याच दिवशी सोबत आणा. जमत नसेल तर एक्स-रेचा फोटो काढा आणि डॉक्टरांसमोर फोन स्पीकरवर लावा. आमचे डॉक्टर अशा फोनवर शांतपणे सगळं परत सांगतात, कुठलेही चांगले डॉक्टर सांगतील.

सासूबाईंची एक भीती जवळजवळ नेहमीची: वरचा दात काढला तर डोळ्यावर परिणाम होतो. दात काढल्यानं नजर जात नाही. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहिला तर सूज डोळ्याखाली चढते, ती जास्त धोक्याची. दुसरी गोष्ट किडलेल्या दाताला देतात त्या रिंगणीच्या बियांच्या धुरीची. धुरीनंतर दाखवतात ते किडे दातातले नसतात. कीड हा शब्दच आपल्याला फसवतो. दातात अळी नसते. साखर खाऊन जिवाणू आम्ल सोडतात आणि त्या आम्लानं दात झिजतो. आजींना खोटं पाडू नका, त्यांनी नातवासाठीच केलेलं असतं. त्यांनाच एकदा दवाखान्यात आणा, एक्स-रे दाखवा. आमच्याकडे एका आजींनी एक्स-रे बघितल्यावर सुनेला घरी बसवलं आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांना नातवाला घेऊन स्वतः आल्या.

आणि आईला दोष देणं बंद करा. "तूच बाटली दिलीस" असं खुर्चीशेजारी बोललेलं मूल ऐकतं, आणि आई पुढच्या वेळी यायला घाबरते.

मुलाची तयारी

वेळ सकाळची घ्या. शाळा करून दमलेलं मूल संध्याकाळी खुर्चीत टिकत नाही. "काही दुखणार नाही," "सुई टोचणार नाही" असं वचन देऊ नका. टोचलं तर तुमच्यावरचाच विश्वास जातो. "डॉक्टर दात मोजणार, धुणार, तुला कळलं तर हात वर कर," इतकंच सांगा. आम्ही म्हणतो दाताला झोपवायचं औषध. तुम्हीही तेच शब्द वापरा. आणि वर्षभर "जेवला नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील" असं भिववत असाल, तर ते आजपासून थांबवा. त्या एका धमकीनं आमची अर्धी सकाळ जाते.

इंजेक्शन दिलं असेल तर दोन-तीन तास ओठ बधिर राहतो. मूल तो गंमत म्हणून चावतं आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा होतो. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका आणि नजर ठेवा. एसटीत झोपलं तरी ओठाकडे बघा.

मुलाला हातपाय धरून इलाज करायचा असेल तर ते आधी तुम्हाला सांगितलं पाहिजे आणि तुमची संमती घेतली पाहिजे. घाई नसलेल्या दाताला, एसडीएफ लावून वर्षभर वेळ काढता येईल का, हे विचारायला कचरू नका. तीन वर्षांचं मूल चार वर्षांचं झालं की पुष्कळ बदलतं.

पूर्ण भूल

खूप लहान मूल, आठ-दहा दात खराब, किंवा ज्याला बसणंच जमत नाही अशा मुलासाठी पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करतात. ती हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञांच्या हाताखालीच व्हावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना पुन्हा पुन्हा किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल. एकदाच दिलेल्या थोड्या वेळच्या भुलीनं परिणाम होण्याची शक्यता कमी, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून एकाच वेळी सगळं उरकतं का, आणि परत वेळ येऊ नये म्हणून घरी काय करायचं, हे दोन्ही विचारा.

उपाशी ठेवण्याच्या वेळा कागदावर लिहून घ्या. साधारण जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी बंद, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. गाडीत रडतो म्हणून एका मावशींनी नातवाला बिस्किट दिलं. त्या दिवशीची भूल रद्द झाली, आणि ते मूल आणखी आठवडाभर ठणका सोसत राहिलं.

गाल सुजला तर वाट बघू नका

गाल सुजलाय आणि ताप आहे, सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली जातेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळतेय: यातलं काहीही असलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. हिरडीवर गोळी चुरून ठेवू नका, लवंगेचं तेल ओतू नका, दोन्हींनी हिरडी भाजते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबानं, डॉक्टरांना विचारून. प्रतिजैविकाच्या औषधानं सूज उतरते आणि पालक येणं सोडतात. पू तयार करणारा दात तोंडात तसाच आहे, तो महिन्या-दोन महिन्यांत परत सुजतो.

पैशाची अडचण असेल तर ती बोला, लपवू नका. सांगली आणि कराडला दंत महाविद्यालयं आहेत, त्यांच्या मुलांच्या विभागात खासगीपेक्षा कमी खर्चात होतं. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासायला येतं, त्यात दातही बघतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नका.

इलाज झाल्यावर

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे जास्त महत्त्वाचं. आमच्या भागात बेदाणा घरोघरी. पौष्टिक म्हणून मुठीमुठीनं मुलांच्या खिशात असतो. दातांना तो चिकटतो. बंद करा म्हणत नाही, जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी प्यायला लावा. चहात बुडवलेलं बिस्किट, दर दोन तासांनी, हेही तसंच.

रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. मुलाच्या हातात ब्रश दिला म्हणजे ब्रश झाला असं नसतं. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम छापलंय का बघा, मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं सहापर्यंत मटारच्या दाण्याएवढी. ब्रशनंतर दूध नाही, फक्त पाणी. मिश्री कुणालाही मुलाच्या दातांना लावू देऊ नका. ती तंबाखू आहे.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती कॅप गेल्या महिन्यात दातासकट पडली, तिनं डबीत ठेवलीय. तिच्या आणखी तीन दाढांना मी वेळेत एसडीएफ लावून घेतलं होतं. दर सहा महिन्यांची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिते, तुम्हीही तपासून आलात की घरी पोचल्याबरोबर लिहा.